दसऱ्याचा फोटो आणि भिंगावरचं झाकण

मैत्रिणींनो, दसऱ्याच्या शुभेच्छा! सकाळची गोष्ट ताजी आहे तोवर लिहिते.

माझे सासरे, आमचे अण्णा, दर दसऱ्याला गिरगावच्या घरी सगळ्यांचा फोटो काढतात, तोही जुन्या रोलच्या कॅमेऱ्याने. याच कॅमेऱ्याचे बिनरोलचे नवे अवतार निघालेत, पण अण्णांना हाच लागतो. गेल्या वर्षी फोटो बिघडले, म्हणून यंदा म्हणाले, "आज चुकलो तर कॅमेरा कायमचा कपाटात."

दोन फोटो झाले आणि मला दिसलं, भिंगावर काळं झाकण तसंच! यात बघायची खिडकी भिंगापासून वेगळी असते, त्यामुळे काढणाऱ्याला कळतच नाही.

आमचे हे हसत म्हणाले, "अण्णा, मोबाईल देऊ का?"

"तू गप्प उभा राहा!"

मी पुढे झाले. "अण्णा, कॅमेऱ्याची पूजा राहिली की! हळदकुंकू न लावता कसले फोटो?" कॅमेरा घेतला, हळदकुंकू लावता लावता झाकण काढून पदराखाली धरलं. अण्णांनी नमस्कार करून पुन्हा फोटो काढले.

पानं वाढताना ते स्वयंपाकघरात आले आणि हात पुढे करून हळूच म्हणाले, "सुमन, झाकण दे. पुढच्या दसऱ्याला लागेल."