ताईची सासू आणि जबलपूरची पेटी

कोणावर लिहायचं तर लिहिणारा माणूसही तसा असावा लागतो, हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथंही अजून मागच्या बाकावर बसतो. जिच्याबद्दल लिहितो आहे तिला स्वतःचं नावसुद्धा लिहिता येत नाही. मी हे लिहिलं असं तिला कळलं तर ती आधी विचारेल, "काऊन रे, तुले दुसरं काम नोहतं?" तरी लिहितो. कमीजास्त झालं तर ते माझं, तिचं नाही, असं समजावं.

तणसात घातल्याशिवाय या जगातली कोणतीही वस्तू सुखरूप पोचत नाही, अशी माझ्या ताईच्या सासूची ठाम समजूत आहे. मी तिला मावशी म्हणतो. सौसरच्या आसपास दुसऱ्यांच्या बगीच्यांत संत्र्याच्या पेट्या भरण्यात तिचं सारं आयुष्य गेलं. पेटीच्या तळाला धानाचं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, त्यावर फळांचा थर, पुन्हा तणस, पुन्हा थर. तिनं भरलेली पेटी हलवली तर आतून आवाज येत नाही. दुसऱ्या कोणाच्या पेटीतून आवाज आला तर ती मालकाला न विचारता झाकण काढते आणि नव्यानं भरून देते. "फळ हालते म्हंजे थे रडून राहिलं," असं ती म्हणते. घरीही तेच. अंडी, बांगड्या, कंदिलाची काच, औषधाची बाटली, सगळं तणसात. ताईच्या लग्नात आमच्याकडे आहेराची कपबशी आली तीही तणसात, आणि जेवणावळ उठली तरी माझी आई अंगणातलं तणस वेचत होती.

माणसांनाही ती फळासारखीच पारखते. सोयरीक ठरवायला सगळे आमच्याकडे पांढुर्ण्याला आले तेव्हा मी पुढे होऊन जयभीम केला. तिनं माझा दंड अंगठ्यानं दाबून पाहिला, थोडा वळवून पाहिला आणि माझ्या वडिलांना म्हणाली, "पोट्टा बारका हाये, पन आतून भरला हाये. राहू द्या याले शाळेत." पुढे मला कॉलेजात पाठवायचं की नाही यावर घरात बोलणं निघालं, तेव्हा वडिलांनी हाच दाखला दिला. म्हणजे मी आज शिकतो आहे त्यात तिच्या अंगठ्याचाही वाटा आहे.

भाऊजी, म्हणजे तिचा मुलगा, फौजेत भरती होऊन जबलपूरला ट्रेनिंगला निघाले तेव्हा त्यांची लोखंडी ट्रंक तिनंच भरली. पंधरा दिवसांनी पत्र आलं. उस्तादांनी, म्हणजे कवायत शिकवणाऱ्यांनी, सगळ्यांसमोर ट्रंक उघडायला लावली, अख्ख्या बराकीत तणस उडालं आणि भाऊजींना दोन दिवस झाडू मारावा लागला. सुटीत मी सौसरला गेलो होतो, पत्र मीच वाचून दाखवत होतो. मावशीनं शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "दाढीचा आरसा फुटला काय?"

मी म्हटलं, "नाही, तसं काही लिहिलं नाही."

"मंग?" ती म्हणाली आणि चुलीकडे वळली.

भाऊजी गेल्यावर दोन महिन्यांनी ताईला मुलगी झाली. ती सात महिन्यांची होईपर्यंत बापानं तिला पाहिलेलं नव्हतं. ट्रेनिंग संपल्यावर तिरंग्यासमोर शपथ घेतात, तिला तिकडे कसम परेड म्हणतात. त्या परेडची तारीख कळवणारं पत्र आलं. त्यात भाऊजींनी लिहिलं होतं, 'परेडनंतर सुटी नाही. त्याच दिवशी संध्याकाळच्या गाडीनं आमची तुकडी सरळ सरहद्दीवर जाणार. पुढची सुटी कधी ते सांगता येत नाही. तुम्ही या. पोरीला आणा.'

मावशीनं नागपूरच्या पलीकडे कधी पाय टाकला नव्हता. पण कोण जाणार असा प्रश्नच तिला पडला नाही. नात कशात जाणार, एवढीच तिला काळजी. सौसरहून मोटारीनं पांढुर्णा, तिथून रेल्वेनं इटारसी, इटारसीला गाडी बदलून जबलपूर. एवढ्या लांब लेकरू हातात धरून न्यायचं हे तिला पटेना. तिनं एक नवी पेटी आणली, खिळे ठोकून आत वाकवले, कडा घासून गुळगुळीत केल्या, तळाला तणस, त्यावर जुन्या लुगड्याच्या चार घड्या. ताई म्हणाली, "आई, लोक हासतीन." मावशी म्हणाली, "हासू दे. हासल्यानं लेकराले गचके बसत नाही."

पेटीवर पत्ता पाहिजे, कारण पत्त्याशिवाय पेटी जात नाही. हे काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर बरं आहे. मी ब्रशनं काळ्या रंगात भाऊजींचा नंबर, नाव, कंपनी आणि खाली मोठ्या अक्षरात 'जबलपूर' असं लिहिलं. तेव्हा मला ते छान वाटलं होतं.

परेडच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही पांढुर्णा स्टेशनवर आलो. मी त्यांच्यासोबत जाणार नव्हतो, दुसऱ्या दिवशी नागपूरला माझा कॉलेजचा पेपर होता. "पेपर बुडवतो," असं मी म्हणून पाहिलं, तर मावशी खवळली. "आपल्यात पेपर देनारा तू एकच. मले काय तोंड नाही रस्ता इचाराले?"

मी तिकिटांच्या रांगेत उभा राहिलो. ताई बाटलीत पाणी भरायला गेली. पोरगी पेटीत झोपली होती आणि माश्या बसू नयेत म्हणून तिच्यावर पातळ फडकं टाकलेलं होतं. फलाटावर सावलीत संत्र्याच्या पेट्यांची लांब ओळ लागली होती. ओळीत ठेवलेली पेटी कोणी हलवत नाही, हा मावशीचा इतक्या वर्षांचा अनुभव. तिनं आपली पेटी ओळीच्या शेवटी ठेवली आणि जवळच उभी राहिली. तेवढ्यात चार पेट्या सोडून एका पेटीला कोणाचा धक्का लागला आणि आतून फळं हलल्याचा आवाज आला. तिच्यानं राहवलं नाही. तिनं झाकण काढलं आणि फळं नव्यानं लावू लागली.

गाडीची घंटा झाली. मी तिकिटं घेऊन आलो तेव्हा मावशी दुसऱ्याच्या पेटीत कोपरापर्यंत शिरलेली होती आणि ओळ अर्ध्याहून कमी झाली होती. आमची पेटी नव्हती.

"मावशी, पोरगी कुठं हाये?"

तिनं वर पाहिलं. तिचा तसा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

हमालांनी ढकलगाडी भरून पार फलाटाच्या टोकाला नेली होती, जिथं मालाचा डबा लागतो तिथं. आम्ही धावलो, पाणी घेऊन आलेली ताईही मागोमाग. गाडी आत येत होती. आम्ही पोचलो तेव्हा एक म्हातारा हमाल दोन पावलं मागे सरून हात जोडून उभा होता. "बाबूजी," तो पार्सलवाल्या बाबूला म्हणत होता, "हे पेटी शिंकली."

बाबूनं फडकं बाजूला केलं. आतून आमच्या पोरीनं त्याच्याकडे पाहून मूठ चोखली.

"पत्ता तो बराबर है," बाबू म्हणाला. "बिल्टी कुठाय? मालाची पावती?"

"बिल्टी कायची, बाप्पा? नात हाये माही!"

"नातीले पेटीत कोन ठेवते, बाई?"

इथं मावशीनं नातीला उचलून पळायला हवं होतं. पण पेटीला नाव ठेवलेलं तिला सहन होत नाही. "कशी भरली थे तर पाहा! एक तरी गचका बसला काय तिले?" असं म्हणून तिनं बाबूला तणसाचे थर दाखवायला घेतले. बाबूही कर्तव्याचा पक्का, लेकरू नक्की यांचंच का, हे तो ताईला विचारत बसला. ताई रडत होती, त्यामुळे तिला नीट सांगता येईना. गार्डानं शिट्टी दिली. प्रवाशांचे डबे तिकडे दूर होते. आमच्या डोळ्यांसमोरून गाडी निघून गेली.

पुढची गाडी रात्री होती. त्या गाडीनं जबलपूरला पोचायला दुसऱ्या दिवशीची दुपार होणार होती, आणि परेड सकाळी. मावशीनं पोरीला मांडीवर घेतलं आणि बाकावर बसून राहिली. समोर अजून आठदहा पेट्या होत्या. तिनं एकीकडेही पाहिलं नाही. मग म्हणाली, "माहा पोरगा वाट पाहून राहिला असंन." त्या पेटीवर पत्ता मी लिहिला होता. माझं अक्षर वाईट असतं तर हमालानं ती उचलली नसती.

नागपूरच्या गाडीत मला त्यांच्या आधीच बसावं लागलं. पेपरात मी काय लिहिलं ते मला आठवत नाही. पुढे दहाबारा दिवस मी होस्टेलच्या पोस्टमनला इतक्यांदा विचारलं, की शेवटी तो लांबूनच मान हलवायला लागला. मग एके दिवशी त्यानं मान हलवली नाही.

ताईचं पत्र होतं. मी ते उभ्यानंच वाचलं. परेड हुकली. त्या पोचल्या तेव्हा मैदानावर कोणी नव्हतं, जवान खुर्च्या उचलत होते. फाटकावरच्या शिपायानं निरोप पाठवला. एक वाळलेला, डोकं भादरलेला जवान धावत आला, तर मावशीनं त्यालाच विचारलं, "बाबू, सौसरचा एक पोरगा हाये तुमच्यात, त्याले पाह्यलं काय?" तो म्हणाला, "आई, मीच हाये ना व." तेव्हा ती त्याचा दंड दाबून दाबून पाहत राहिली.

संध्याकाळच्या गाडीला अडीच तास होते. भाऊजींनी पोरीला घ्यायला हात पुढे केले, तर ती रात्रभर जागून तेव्हाच झोपलेली. मावशीनं उठवू दिलं नाही. "निजलं लेकरू उठवत नसते. बस खाली." तिनं त्यांना भिंतीला टेकून बसवलं, कोपर कुठं ठेवायचं, मान कशी धरायची ते सांगितलं आणि पोरीला त्यांच्या मांडीवर ठेवलं. ताईनं लिहिलं होतं, 'नऊ महिने त्यांना सावधान उभं राहायला शिकवलं, सावधान बसायला आईनं शिकवलं. पायाला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत. दोन तास नुसते तिच्याकडे पाहत होते. माझ्याशी बोललेसुद्धा तिच्याकडेच पाहून.'

शिट्टी झाली, तुकडी उभी राहू लागली, तेव्हा भाऊजींनी पोरीला मावशीच्या हातात दिलं. त्या हालचालीनं तिनं डोळे उघडले, बापाकडे पाहिलं आणि मोठी जांभई दिली. रडली नाही.

"पाह्यलं तिनं तुले," मावशी म्हणाली. "जाय आता."

तुकडीला स्टेशनवर नेणारी गाडी गेल्यावर मावशी पोरीला छातीशी धरून तिथं किती वेळ उभी होती ते ताईनं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं की मावशीच्या हातातून पोरीला घ्यायला ताई दोनदा पुढे झाली, आणि दोन्ही वेळा मागे सरली.