आमच्या घरातली पहिली मुलगी

सगुणामावशी गेली त्याला आता दीड महिना होईल. सकाळचा चहा पिऊन खुर्चीत बसली होती, तशीच गेली. शेजारच्या शबानाभाभींचा फोन आला, "नलूताई, या जरा. मावशी उठत नाहीयेत." कर्वेनगरहून स्वारगेटला रिक्षाने पोचेपर्यंत मी मनात एकच घोकत होते, की आज तरी बोलून टाकायचं. ती गेलीय हे मला आतून कळलं होतं, तरी मी बोलायची तयारी करत होते. तिच्या जिवंतपणी जे एकदाही जमलं नाही, त्याची.

मावशी म्हणजे माझ्या आईची थोरली बहीण. आजोबा पलटणीत सुभेदार, घर कॅम्पात, मुली मिशनच्या शाळेत. त्यामुळे मावशीला फर्डं इंग्रजी यायचं. महायुद्ध चालू असताना लष्कराने बायकांचं एक सहायक दल काढलं होतं, त्यात ती अठराव्या वर्षी भरती झाली. खाकी गणवेश, सकाळची परेड, आणि मग कानाला हेडफोन लावून लष्कराच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काम. आमच्या समाजातली, तेव्हाच्या काळातली मुलगी गोऱ्या साहेबाला "थांबा, लाइन बिझी आहे" असं सुनवत होती. हे तीच सांगायची, आणि सांगताना तिची मान अशी काही ताठ व्हायची, की... असो.

मग स्वातंत्र्य आलं आणि ते दल मोडीत निघालं. पुरुषांच्या पलटणी राहिल्या, बायकांना घरी जा म्हणाले. नव्या देशाला टेलिफोनवाल्या मुली हव्याच असणार, अशा समजुतीने मावशी ऑफिसांचे उंबरठे झिजवू लागली. आधी कुठे होतात, असं विचारलं की ही खरं ते सांगायची, आणि टेबलामागचा माणूस शेजारच्याकडे बघून हसायचा. सोल्जरांमध्ये राहिलेली मुलगी, एवढाच त्यांनी अर्थ घेतला. स्थळंही तेवढ्यावरूनच परत गेली. गंमत पाहा, आजोबांची पदकं पुढच्या खोलीत काचेच्या चौकटीत लावलेली. येणारा पाहुणा आधी त्यांना हात जोडायचा, कौतुक करायचा, चहा प्यायचा आणि लष्करात राहिलेल्या मुलीला नापसंत करून निघून जायचा.

पुढे माझ्या आईला स्थळं यायला लागली, तेव्हा भिंतीवरचा आपला गणवेशातला फोटो मावशीने स्वतःच उतरवला. कुणी सांगितलं नव्हतं. उतरवला तो पुन्हा काही चढला नाही. तिने बालवाडीत नोकरी धरली, सगळ्यांच्या 'बाई' झाली आणि जन्मभर एकटी राहिली. "मावशीचं लष्करातलं बाहेर बोलायचं नाही हं," असं आईने मला शाळेत असतानाच बजावलं होतं. माझं लग्न ठरलं, माझ्या मुलांची ठरली, प्रत्येक वेळी आम्ही तिची ओळख 'बालवाडीच्या बाई' अशीच करून दिली, आणि ती हसून मान डोलवायची. आमचे सगळ्यांचे संसार तिच्या गप्प बसण्यावर उभे राहिले. तेव्हा हे कळत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. कळत होतं, पण सोयीचं होतं.

यंदा उन्हाळ्यात माझी नात ऋतुजा लष्करात अधिकारी म्हणून निवडली गेली. सोसायटीने सत्कार ठेवला. शाल, श्रीफळ, ढोकळा, सगळं. मावशीला मीच रिक्षात घालून आणलं. नव्वदी तर तिने कधीच ओलांडली होती. तिला मागच्या रांगेत पंख्याखाली बसवलं. चार शब्द बोला म्हणून माझ्या हातात माईक आला. ऋतुजाकडे पाहून इतकं भरून आलं, की तोंडातून निघून गेलं, "आमच्या घरातली सैन्यात जाणारी ही पहिली मुलगी." टाळ्या पडल्या, आणि मग कुणी थोबाडीत मारावी तसं झालं मला. मी ठरवून खोटं बोलले नव्हते हो... इतकी वर्षं लपवून लपवून मी खरंच विसरले होते. ठरवून बोलले असते, तर निदान मावशी लक्षात तरी होती असं झालं असतं. मागे पाहिलं, तर तीही टाळ्या वाजवत होती.

आता लपवण्यासारखं काय उरलं होतं? कुणाचं लग्न मोडणार होतं? "चुकले, पहिली ती तिथे मागे बसलीय," एवढं म्हटलं असतं तर अख्खा हॉल उठून उभा राहिला असता. पण व्हिडिओ चालू होता, अध्यक्ष घड्याळ बघत होते, आणि झालेली चूक चारचौघांत सुधारायची मला लाज वाटली. मी माईक पुढच्या माणसाला दिला. ऋतुजा प्रशिक्षणाला गेलीय. तिला मी हे अजून सांगितलेलं नाही. तीही हे इथेच वाचेल.

सत्काराच्या संध्याकाळी मावशीला फोन केला. माफी मागायची, म्हणूनच केला.

"नीट पोचलीस ना गं? जेवलीस?"

"जेवले."

"कार्यक्रम... कसा वाटला?"

"छान झाला. माईक चांगला होता, नलू. पार मागेपर्यंत ऐकू आलं."

मावशी फोन कधी आपणहून ठेवत नसे. एक्स्चेंजवर तशी शिस्त होती म्हणे, समोरच्याचं बोलणं पुरतं संपल्याशिवाय ऑपरेटरने लाइन काढायची नाही. ती सवय तिला जन्मभर राहिली. त्या संध्याकाळीही ती थांबली. पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता, रस्त्यावरच्या बसचा हॉर्न ऐकू येत होता. तिने घाई केली नाही, काही विचारलं नाही. मला बोलायला हवा तेवढा वेळ दिला.

शेवटी "बरं, ठेवते," असं म्हणून फोन मीच ठेवला.