वळणावरची फुलं

धामापूरच्या रानातून ती रोज लाकडांची मोळी घेऊन उतरायची. वाटेत भेटली की "येतंय, मास्तरांनू" एवढंच म्हणायची. एका वळणावर मात्र पायवाट सोडून, डोक्यावर ओझं असूनही दगडांतून जायची. सात वर्षं मी त्याच वाटेने शाळेत जात होतो, पण कारण कधी विचारलं नाही.

मग रस्त्याचं काम आलं. मुकादमाने त्या वळणावर आखणीची दोरी ताणली, तशी ती मोळी उतरवून दोरीपुढेच बसली.

"रस्तो हातभर सरकव रे. हंय फुला आसत."

पाचोळ्यात तांदळाच्या कणीएवढी पांढरी फुलं होती.

"ही फुला कोण बघता गो?" मुकादम हसला.

"मी बघतंय."

त्याने हसू आवरलं आणि दोरी सरकवली. मी खाली पाहिलं. माझ्या वहाणेला दोन फुलं चिरडून चिकटली होती.