रिपोर्ट नॉर्मल

निगडीच्या आमच्या बागेत रोज सकाळी एक निवृत्त सुपरवायझर फिरायला यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. त्याचा आवाजच पुरेसा होता. चाकणच्या कुठल्याशा कंपनीत त्याने आयुष्यभर लोकांच्या आजारपणाच्या रजा नाकारल्या होत्या, आणि ते तो पदक मिळाल्यासारखं सांगायचा. मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ, कमरेवर हात. बाकावर कुणी बसलेलं दिसलं की हा समोर येऊन उभा.

गेले काही महिने दुसऱ्या फेरीतच मी गळून जायचो, छाती धडधडायची. मी बसलो की तो म्हणायचा, "राव, थकवाबिकवा काही नसतो. कामचुकारपणा असतो सगळा. उठा!" आणि मी मूर्ख, उठायचो.

परवा तोच बाकावर बसलेला दिसला. चेहरा घामाने डबडबलेला. एक फेरीही झाली नव्हती आणि घड्याळ एकशे सत्तर दाखवत होतं.

"डॉक्टरांना दाखवलंत का?" मी विचारलं.

"तिघांना दाखवलं. कारण सापडत नाही. रिपोर्ट नॉर्मल." मग खाली बघत म्हणाला, "मुलगा म्हणतो, बाबा, तुम्ही नाटक करताय."

मला दया यायला हवी होती. आली नाही. याने किती जणांना तापात मशीनवर उभं केलं असेल, एवढंच मनात आलं. तरी मी त्याच्या शेजारी बसलो. सहानुभूती वगैरे काही नव्हती. माझी छाती धडधडत होती आणि दुसरा बाक लांब होता.