जिन्यावरची दुसरी पावलं

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपल्यात. विकास नगरातल्या त्यांच्या दवाखान्याचा जिना चढून मी भर दुपारी धापा टाकत दारात उभी, आणि या खुर्चीत डोळे मिटून. मी चिडून खाकरले. डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "दोघी आलात का?"

"एकटीच आहे."

"पावलं दोघींची वाजली. मागची जरा पाय ओढते."

मी मागे वळून पाहिलं. जिना रिकामा. खालच्या शुक्ला भाभींच्या दाराला कुलूप. माझ्या अंगावर काटा आला, कारण तशी पाय ओढत चालणारी एकच बाई मला माहीत होती. माझी आई. आणि तिला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं.

ताईंना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून लखनौचं आपलं मराठी मंडळ हा गौरवग्रंथ काढतंय. त्यांच्या पदव्यांबद्दल शिकलेली माणसं लिहितील. मी चौथीपर्यंत शिकले. आधी ताईंची पेशंट होते, आता अकरा वर्षं त्यांच्या दवाखान्यातलं स्वयंपाकघर सांभाळते. दवाखान्यात स्वयंपाकघर कशाला, असं सगळे विचारतात. तेवढंच मला सांगायचं आहे.

यजमानांना इथल्या संशोधन संस्थेत नोकरी लागली तेव्हा ताई लखनौला आल्या. त्या फिजिओथेरपिस्ट, पण गुडघे-खांद्यांच्या नाहीत. बाळंतपणानंतर, पिशवीच्या ऑपरेशननंतर बायकांचे ओटीपोटाखालचे स्नायू सैल पडतात. लघवी सुटते, अंग बाहेर येतं. बायका हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. ताईंना सांगावं लागत नाही. त्या डोळे मिटून जिन्यावरची पावलं ऐकतात आणि बाई वर पोचायच्या आत म्हणतात, "हिनं सकाळपासून पाणी प्यायलेलं नाही. श्वास धरून चढतेय." शुक्ला भाभी म्हणतात, "ताईजी के कान नहीं हैं, एक्स-रे मशीन है."

माझी लेक रेणू झाली तेव्हापासून माझं बिघडलं होतं. शिंकले की सुटायचं, हसले की सुटायचं. शहराच्या टोकाला, चिनहटला, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी दिवसभर उभी राहून पोळ्या लाटायचे. कपडे खराब होऊ नयेत म्हणून पाणीच प्यायचं बंद केलं. मला वाटायचं, काय डोकं चालवलं मी! आईचंही हेच होतं. वास येतो म्हणून शेवटची चार वर्षं ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. मला काहीही झालं असतं तरी चाललं असतं, पण आईसारखं व्हायचं नव्हतं.

ताईंनी तपासलं, व्यायाम शिकवले, आणि हातात लाडवांचा डबा दिला. भाजलेल्या चण्याचं पीठ, तीळ, गूळ. वर बजावलं, "दोन्ही वेळा वाटीभर घट्ट डाळ, दही. बथुआची पालेभाजी, पपई, अमरूद, जे मिळेल ते. पाणी घोट घोट दिवसभर. कमी प्यायलीस तर लघवी दाट होऊन जास्त घाई करते. आणि शौचाला खडा झाला की तू कुंथणार. कुंथलीस की माझी आठवड्याची मेहनत एका सकाळी खाली."

मी म्हटलं, "व्यायाम करते ना. खाण्याचं काय त्यात?"

"उपाशी बाईला कामाला जुंपतात तसं उपाशी स्नायूला जुंपायचं का, मंगल?"

दोन महिने मी व्यायाम केले. फरक शून्य. दर खेपेला ताई डोळे मिटून म्हणायच्या, "आजही दोघी." एकदा मी भडकले. "ताई, हे दोघी-दोघी बंद करा. मला भीती वाटते."

"लाडू कोण खातं?" त्यांनी शांतपणे विचारलं.

"मीच."

"ती खात नाही," माझ्या खांद्यामागे बघत त्या म्हणाल्या. "म्हणून तू खात नाहीस."

मी जाणं सोडलं.

पंधरा दिवसांनी, रविवारी, ऐन जेवणाच्या वेळी ताई ई-रिक्षातून चिनहटला माझ्या दारात उतरल्या. तेव्हा त्यांची साठी उलटून गेली होती. घरात नवरा आणि रेणू जेवत होते, मी वाढत होते. आणि नेमकं रेणूनं ताईंसमोर तो डबा ओढला. "मम्मी, ये वाले लड्डू खत्म हो रहे हैं, और बना दो ना यार."

मला जमीन दुभंगावी असं झालं. ताई रागावल्या नाहीत. त्या गॅसच्या पलीकडच्या कोपऱ्याकडे बघत होत्या. तिथे काही नव्हतं, नुसती फरशी.

"ही कुणाची जागा?" त्यांनी विचारलं.

पूर्वी आई आमच्याकडे राहायला यायची तेव्हा तिथे बसायची. सगळ्यांचं झाल्यावर, आमच्याकडे पाठ करून, पातेल्यात उरलेलं खायची. हे मी ताईंना कधी सांगितलं नव्हतं. कुणालाच नव्हतं.

ताई माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "भाऊ, उठा. दोन ताटं वाढा. एक मंगलला, एक त्या कोपऱ्यात."

नवऱ्यानं जन्मात पहिल्यांदा वाढलं. निम्मी डाळ फरशीवर. रेणू तोंड दाबून हसत होती, "पापा, चम्मच उल्टा है!" मी जेवले. भात इतका गरम असतो हे मी विसरलेच होते.

माझं झाल्यावर ताईंनी कोपऱ्यातलं ताट माझ्यापुढे सरकवलं. "तिचंही तूच खायचंस." एकाच पातेल्यातला, एकाच वेळी वाढलेला भात. माझा शेवटच्या घासापर्यंत वाफाळत होता. हा थंडगार होता, आणि एका कडेनं मोडलेला, कुणी दोन घास घेतल्यासारखा. नवऱ्याच्या हातून मोडला असेल. असेल. मी तो सगळा खाल्ला.

त्या दिवसापासून घरात माझं ताट आधी वाढलं जाऊ लागलं. पोट साफ राहू लागलं, पाणी पिऊ लागले, आणि तेच व्यायाम अंगी लागू लागले. किती महिने गेले ते मोजले नाहीत. एका दुपारी मी जिना चढून वर आले तर ताईंचे डोळे उघडे. म्हणाल्या, "आज एकटीच आलीस." मी दारातच बसले आणि रडले. तेवढी रडले तरी कोरडीच राहिले.

म्हणून दवाखान्यात स्वयंपाकघर आहे. पहिल्या दिवशी बाईला व्यायाम नाही, आधी ताट. ताई स्वतः वाढतात, शेजारी बसतात, तिची आवडनिवड विचारतात. प्रोटीन पावडरचे डबे विकणारे आले की दारातूनच परत. "आमच्याकडे डाळ शिजते," एवढंच सांगतात. व्यायामात शंभरदा चुकणाऱ्या बाईवर मी खेकसते, ताई कधीच नाही.

गेल्या वर्षी रेणू बाळंतपणानंतर गोमती नगरच्या सासरहून पहिल्यांदा दवाखान्यात आली. जिन्यावर तिची चाहूल लागली तशी मी ताईंचा हात धरला. दोघीही ऐकत होतो.

"एकच आहे," ताई म्हणाल्या. "सरळ चढतेय."

रेणू दारात थबकली. "ऐसे क्यों देख रही हो दोनों?"

"काही नाही," मी म्हटलं. "जेवायला बस."

आता एक तक्रार, आणि ती मी छापूनच करणार, कारण तोंडावर सांगितलेलं त्या हसण्यावारी नेतात. ताई स्वतः चार वाजता जेवतात. ओट्याशी उभ्या राहून, उरलेलं.

मागच्या महिन्यात त्या बँकेतून परत आल्या. मी डाळीला फोडणी देत होते. जिन्यावर पावलं वाजली. इतक्या वर्षांत माझेही कान तयार झालेत. एक ताईंची. आणि त्यांच्या एक पायरी मागे, दुसरी.

मी टेबलावर दोन ताटं वाढली. ताई आत आल्या, दुसऱ्या ताटासमोर थांबल्या. पंचाहत्तरीच्या या बाई लहान मुलीसारख्या आवाजात म्हणाल्या, "आई?"

"बसा," मी म्हटलं. "आधी तुमचं."

ताई, तुम्ही शंभर वर्षं जगा, धडधाकट जगा. पण रोज एक वाजता माझ्या हातचं गरम खाऊन जगा. दुपारी दार मी उघडते, आणि जिन्यावर मला तुमची एकटीचीच पावलं ऐकायची आहेत.