पाळण्यातून दिसलेलं लुगडं

"फक्त तोंड काढायचं, मॅडम. कॅमेरा खाली नेलात तर माझा धंदा बसला," शोचा मालक म्हणाला.

कोपरीच्या मैदानात मेळा लागलेला. मी डोंबिवलीची फोटोग्राफर. मेळ्यात काम करणाऱ्या बायकांचे फोटो एका मासिकासाठी काढत होते. ही नागकन्या. म्हणजे खोक्यावर बाईचं तोंड आणि मागे कापडी सापाची वेटोळी. बाकीची बाई कुठे जाते ते सांगणार नाही. कोणाच्या पोटावर पाय कशाला द्या. तिचं नाव शालन. मेळा असेपर्यंत तिने तंबूबाहेर फिरायचं नाही, हा मालकाचा नियम. पब्लिकने तिला चालताना बघितलं तर तिकीट कोण काढेल?

संपादकांचा फोन आला. "अगं, तोंडाचा फोटो कोणीही आणेल. मला ती बाहेर हवी. माणूस म्हणून."

सांगायला यांचं काय जातं.

शालनला विचारलं. ती लगेच तयार झाली, तेव्हा मलाच संशय आला.

"दुपारी मालक झोपतो. आकाशपाळण्याची ट्रायल असते, पब्लिक नसतं. वर बसून काढा हवे तेवढे. पण आधी कॅमेरा मला द्यायचा. लांबचं दिसतं ना याच्यातून?"

"काय बघायचंय?"

"आई आहे का ते."

तिचं माहेर रस्त्यापलीकडच्या चाळीत. घरच्यांच्या मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून भावाने दार बंद केलेलं. पुढे नवराही सोडून गेला. आई फार आजारी आहे एवढं मध्ये कानावर आलेलं, त्यानंतर काही नाही. मी म्हटलं, मी जाऊन विचारून येते.

"नको हो. भावाला कळलं मी इथे आहे, तर आईलाच ऐकवेल. असली तर."

पाळणा वर जाऊन थांबला. लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स लावून मी कॅमेरा तिच्या हातात दिला. बराच वेळ ती गॅलरी शोधत राहिली. मग म्हणाली, "लुगडं."

"काय?"

"आईचं हिरवं लुगडं वाळत घातलंय. घरात दुसरं कोणी लुगडं नेसत नाही. पाणी गळतंय अजून. आहे ती."

कॅमेरा छातीशी धरून ती हसत होती, नाक वाहत होतं. इतकी वर्षं मी ज्या चेहऱ्यामागे फिरले तो हातभर अंतरावर, आणि माझे हात रिकामे. मोबाईल बॅगेत, बॅग खाली पाळणेवाल्याकडे. कॅमेरा मागावासा वाटला, फार वाटला. मागितला नाही.

पाळणा खाली येताना तिने तो परत दिला. "काढा आता."

काढले. सगळ्यांत खोक्यावरचंच तोंड आलं. संपादकांनी एकही घेतला नाही.

कॅमेऱ्याच्या कार्डावर एक फोटो तिने काढलेला होता. वाकडा, हललेला, गॅलरी आणि लुगडं. त्याची प्रिंट मी तिला नेऊन दिली. तिने ती खोक्यात आतून चिकटवली, पब्लिकला दिसत नाही तिथे.

तेव्हापासून मी दोन कॅमेरे नेते. खांदा दुखतो. तो चेहरा मात्र पुन्हा मिळालेला नाही.