वन्संनी वाचलेलं इतिवृत्त

रजईला खोळ घालणं हे खरं तर दोघींचं काम. घरात दुसरं कुणी नव्हतं म्हणून मी एकटीच भिडले होते. दोन कोपरे आत गेले होते, दोन बाहेर लोंबत होते आणि मी खांद्यापर्यंत खोळीत शिरले होते. तेवढ्यात वन्सं दारात येऊन उभ्या राहिल्या. मंगळवार, दुपारचे चार. एकतीस वर्षांच्या नोकरीत साडेसहाच्या आत त्या घरी आल्याचं मला आठवत नाही.

"बरं नाही का वाटत?"

"मला काय धाड भरलीय!" म्हणत त्यांनी खांद्यावरची पिशवी टेबलावर आपटली. आतून दोन जाडजूड रजिस्टरं निघाली. एक जुनं, हाताळून कडा काळवंडलेलं. दुसरं कोरं करकरीत, पान उलटलं तर चरचर वाजेल असं.

"हे नवं कशाला?"

"जुन्यातलं सगळं वर्ष यात उतरवून काढायचं. सोमवारच्या सभेच्या आत. हुकूम आहे अध्यक्षांचा. सगळं जसंच्या तसं, फक्त पान दोनशे चौदा जरा वेगळं."

रजई तशीच पडली. मी त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. त्यांनी चपलासुद्धा काढल्या नव्हत्या.

वन्सं म्हणजे माझी नणंद. वयानं माझ्याहून चार वर्षांनी धाकटी, पण मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या मला "अहो वहिनी" आणि मी त्यांना "अहो वन्सं". भांडतानाही आमचं अहो-जाहो सुटलेलं नाही. वन्संनी लग्न केलं नाही. का केलं नाही, असं कुणी विचारलं तर म्हणतात, "सभा संपली की बघू." त्या आमच्या इथल्या कॉलेजात कामाला आहेत. बड्या घरच्या मुलांचं कॉलेज नव्हे हे. ज्यांची शाळा मध्येच सुटली, ज्यांना वायरिंग, शिवण, रुग्णसेवा, टंकलेखन शिकून पोटापाण्याला लागायचंय, त्यांचं. त्याचा कारभार नऊ जणांचं नियामक मंडळ पाहतं. महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी संध्याकाळी पाचला सभा भरते आणि त्या सभेत कोण काय बोललं, काय ठरलं, त्याचं इतिवृत्त मंडळाच्या सचिव म्हणून वन्सं लिहितात.

त्या स्वतः त्याच कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गातून वर आल्या. दिवसा दोऱ्याच्या कारखान्यात रिळं भरायची, सहाचा भोंगा झाला की बोटांना दोऱ्याचे कापे पडलेले तसेच घेऊन टंकलेखनाला बसायचं. तीन वर्षं. पहिल्या परीक्षेत नापास झाल्या तेव्हा माझे सासरे म्हणाले होते, "पुरे आता." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या वर्गात होत्या. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता त्या पानावर काय होतं ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

मागच्या सभेला सात सदस्य आले होते. विषयपत्रिकेवर सहावा विषय होता कॉलेजच्या आवाराची खबरबात: कुठे गळतंय, कुठे रंग द्यायचा, असलं काही. प्राचार्य म्हणाले, नव्या वर्कशॉपच्या शेडवर पत्रे चढले, येता का बघायला? चार सदस्य हौसेनं उठून गेले. खोलीत उरले तिघे: अध्यक्ष, त्यांचे एक ट्रकवाले दोस्त आणि एक निवृत्त इंजिनिअर, जे साडेपाचच्या सुमाराला दर सभेत पेंगतात. अध्यक्ष म्हणाले, "तोवर पुढचा उरकून घेऊ." पुढचा विषय होता संध्याकाळचे सगळे वर्ग पुढच्या महिन्याअखेर बंद करून इमारत संध्याकाळी एका खासगी क्लासला देणं. दोन हात वर झाले, तिसरा झोपेत हलला, मंजूर. बाहेरचे परत आले तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "सात झाला, आठ घ्या." शेडच्या पत्र्यांवरून त्यांचं आपसात इतकं रंगलं होतं की सात म्हणजे काय झालं, हे एकानंही विचारलं नाही.

आणि नऊपैकी पाच जण खोलीत असल्याशिवाय कुठलाच ठराव होत नाही, असा त्या मंडळाचा नियम.

हे कुणाला कळलंही नसतं. पण वन्संना एक खोड आहे. कोण कधी उठलं, कधी परत आलं, ते त्या घड्याळ बघून समासात लिहितात. नोकरीच्या पहिल्या वर्षी जुन्या कारकुनांनी शिकवलं होतं, "बाई, एखाद्याचं बोलणं सुटलं तरी चालेल, खुर्चीत कोण होतं ते सुटता कामा नये." म्हणून पान दोनशे चौदावर आहे: पाच वाजून वीस मिनिटं, चार सदस्य शेड पाहण्यास बाहेर. पाच तेवीस, विषय सात मंजूर. पाच एक्केचाळीस, सदस्य परत.

"अध्यक्ष म्हणतात, वेळा काढून टाका. कशाला हव्यात वेळा, ही काय गाडी आहे सुटायला?" वन्संनी अध्यक्षांचा आवाज असा काढला की मला हसू आलं. "पान फाडता येत नाही, आकडे छापलेले आहेत. म्हणून अख्खं रजिस्टरच नवं आणून दिलं."

"मग काय करणार?"

"चहा करणार," म्हणाल्या आणि उठल्या.

संध्याकाळी आमचे हे घरी आले, त्यांच्या कानावर गेलं. बहिणीवर जीव आहे त्यांचा, पण भित्रा जीव आहे.

"दोन वर्षं राहिलीत तुझ्या निवृत्तीला. चार आकडे गाळलेस तर आभाळ कोसळणार आहे का? पाण्यात राहून माशाशी वैर करू नये."

"दादा, एकतीस वर्षं मी पाण्यात नुसती भिजत नव्हते."

"अगं, पण वाचतंय कोण ते?"

हा मात्र मुद्दा होता. कुणीच वाचत नाही. सभा सुरू झाली की अध्यक्ष म्हणतात, "मागील इतिवृत्त वाचले असे समजावे," सगळे माना डोलवतात, अध्यक्ष सही ठोकतात. वीस वर्षं असंच चाललंय, अध्यक्ष तीन बदलले तरी. आमच्या घरात तर सध्याच्या अध्यक्षांचं नावच 'समजावे' पडलंय. "आज समजावे काय म्हणाले?" असं आम्ही जेवताना विचारतो.

"कुणी वाचत नाही म्हणूनच तर सांगतोय, लिहून टाक," हे म्हणाले.

मग मात्र माझ्यानं राहवलं नाही. मी म्हटलं, "अहो, रोज सकाळी देवापुढे बसते तेव्हा 'माझी प्रार्थना ऐकली असे समजावे' म्हणून उठत नाही मी. अक्षर न् अक्षर म्हणते. आणि वरचा जो आपलं लिहून ठेवतो, तोही न वाचता सही करत नसणार. खोटं उतरवायचं असेल तर या घरातलं टेबल मिळणार नाही. रस्त्यावर बसून लिहा म्हणावं."

"तू तिला आवरायचं सोडून चढवतेस!"

"चढवायला मी कशाला हवी? ती काय घोड्यावरून कधी उतरलीय?" तोंडून 'ती' निघून गेलं. वन्सं खो खो हसल्या. ते कोरं रजिस्टर त्यांनी उघडलंसुद्धा नाही.

सोमवारी मीही गेले. सभेच्या खोलीत भिंतीला लागून सहा खुर्च्या असतात, बाहेरच्या कुणालाही येऊन बसता येतं. कधी कुणी येत नाही, त्यामुळे त्यांवर फायली ठेवतात. मी एका खुर्चीवरच्या फायली खाली ठेवून बसले. शेजारी एक बाई आल्या, दिवसा इस्त्रीच्या दुकानात उभ्या असतात, संध्याकाळी रुग्णसेवा शिकतात. वर्ग बंद होणार ही नोटीस त्यांनी फलकावर वाचली होती. मला म्हणाल्या, "मावशी, चार महिने राहिलेत परीक्षेला. दिवसा कसं येणार मी? मालक तर म्हणेल, इस्त्री रात्री करा."

आठ सदस्य आले. लांब टेबल, वरती काच, काचेखाली कधीकाळचं वेळापत्रक. पंख्याचं एक पातं वाकडं, त्यामुळे दर फेऱ्याला टक् असा आवाज. वन्सं टोकाच्या खुर्चीवर, पुढ्यात जुनं रजिस्टर. अध्यक्षांनी ते पाहिलं. नव्याच्या शोधात त्यांची नजर टेबलभर फिरली, पिशवीपर्यंत गेली, परत आली.

"हं. मागील इतिवृत्त वाचले असे—"

"वाचते, साहेब." वन्सं उभ्या राहिल्या.

"बसा, बसा. वेळ कशाला घालवता?"

"नियम बारा. सचिवाने वाचावे आणि सदस्यांनी कायम करावे. समजावे असं त्यात कुठे नाही. मी एकतीस वर्षं शोधतेय."

कोपऱ्यातून कुणीतरी फस्सकन हसलं. ते बेकरीवाले होते, मंडळावरचे सगळ्यात जाडजूड आणि सगळ्यात मोकळे गृहस्थ. "वाचू द्या हो, आवाज चांगला आहे बाईंचा."

वन्संनी सुरुवात केली. देवा, यांना धीर दे, असं म्हणणार होते, पण धीर त्यांच्यापाशी ढीगभर होता. म्हणून मी तो माझ्यासाठीच मागून घेतला. विषय एक, दोन, तीन. पाण्याची टाकी. ग्रंथालयाची खिडकी. इंजिनिअरसाहेबांचे डोळे मिटू लागले. विषय सहा. मग वन्संनी आवाज जराही न चढवता वाचलं, "पाच वाजून वीस मिनिटांनी चार सदस्य शेड पाहण्यास बाहेर. खोलीत उपस्थित तीन. पाच तेवीस, विषय सात, संध्याकाळचे सर्व वर्ग बंद करणे, मंजूर. पाच एक्केचाळीस, सदस्य परत."

पंखा टक् टक् करत राहिला.

"थांबा, थांबा, थांबा," बेकरीवाले म्हणाले. "आम्ही तिकडे पत्रे मोजत होतो आणि तुम्ही इकडे वर्ग बंद केलेत?"

"तुम्ही परत आल्यावर मी सांगितलं होतं," अध्यक्ष म्हणाले.

"तुम्ही म्हणालात, सात झाला. मला वाटलं, चहाचा सातवा कप झाला!"

मंडळावर एक डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्या दवाखान्यातल्या दोघी मदतनीस या संध्याकाळच्या वर्गातूनच शिकून गेलेल्या. त्यांनी चष्मा काढला. "मी त्या दिवशी फक्त सातव्या विषयासाठी आले होते. दवाखाना बंद ठेवून. शेड बघायला मला प्राचार्य घेऊन गेले. मला वाटलं, विषय पुढे ढकलला." मग स्वतःशीच म्हणाल्यासारख्या, "विचारायला हवं होतं मी."

"हे बघा, तांत्रिक बाब आहे," अध्यक्ष म्हणाले. "बाईंनी वेळ चुकीची लिहिली असेल."

"भिंतीवरचं घड्याळ पाहून लिहिली आहे," वन्सं म्हणाल्या. "ते चुकत असेल तर तसं सांगा, मी तेही लिहिते."

मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इतिवृत्त बरोबर आहे. मी कायम करण्याचा प्रस्ताव मांडते. आणि पाच सदस्य नसताना झालेला ठराव ठराव नव्हे, हेही लिहा." बेकरीवाल्यांनी अनुमोदन दिलं. सहा हात वर झाले. सहावा इंजिनिअरसाहेबांचा, आणि या वेळी ते टक्क जागे होते. संध्याकाळचे वर्ग चालू राहणार. बंद करायचे असतील तर विषय रीतसर, सगळ्यांसमोर, पुन्हा आणावा लागेल. इस्त्रीवाल्या बाईंनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

गोष्ट इथे संपली असती तर मी साखर वाटली असती. पण अध्यक्ष कच्च्या गुरूचे चेले नव्हेत. शेवटी आयत्या वेळचे विषय असतात, त्यात ते म्हणाले, "मंडळाच्या सचिवपदाचं काम आता तरुण माणसाकडे द्यावं. बाईंनी एक तारखेपासून सामानाचं भांडार सांभाळावं." कर्मचाऱ्यांना कुठे बसवायचं, हा अधिकार अध्यक्षांचाच. डॉक्टरीणबाई बोलायला गेल्या तर वन्संनीच हात वर करून त्यांना थांबवलं.

"एक मिनिट, लिहून घेते." आणि घड्याळाकडे पाहून लिहिलं, मोठ्यानं म्हणत: "सहा वाजून बावन्न मिनिटं. सचिवांची बदली भांडारात. उपस्थित आठ." मग मान वर केली. "याला गणपूर्ती आहे, साहेब. हे पक्कं."

अध्यक्षांनी पेन उघडलं. "द्या इकडे, सही करतो."

"आज मागच्या सभेची करा. आजची पुढच्या सभेत, वाचून झाल्यावर. जो कुणी नवा येईल तो वाचेल. नाही वाचलं तर मी त्या भिंतीजवळच्या खुर्चीत बसलेली असेन."

अध्यक्षांनी पान दोनशे चौदावर सही केली. वन्संनी वर टिपकागद दाबला, उचलला, फुंकर मारली.

घरी येताना रस्त्यात मी विचारलं, "वाईट नाही वाटत? भांडारात झाडू, खडू आणि फिनाइलच्या बाटल्या."

"वाटतंय ना," त्या म्हणाल्या. नाक्यावर थांबून रुमालानं नाक पुसलं, माझ्याकडे न बघता. "हातचं रजिस्टर सुटणार. पण वहिनी, भांडारातही आवक-जावकीचं पुस्तक असतं बरं का. खडूचा खोका कधी गेला, कोण घेऊन गेलं, सगळं. समजाव्यांना म्हणावं, जपून."

ह्यांनी दार उघडलं. काय झालं ते मी सांगितलं. ह्यांनी कपाळाला हात लावला, मग बहिणीच्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाले, "एकदा तरी गप्प बसशील का?"

"बसले असते," वन्सं म्हणाल्या, "पण उभं राहून वाचायचा नियम आहे."

हे सगळं मी मंगळवारी सकाळी माझ्या वहीत लिहितेय. एक तारखेला अजून नऊ दिवस आहेत, तोवर वन्संच सचिव आहेत. फलकावरची नोटीस त्यांनी सभा संपताच स्वतःच्या हातानं उतरवली. आज कामावर जाताना त्यांना छापखान्यात जायचंय, संध्याकाळच्या वर्गाच्या प्रवेश अर्जांचा गठ्ठा आणायला.